फटफटीची धडधड

वस्तूला नाव देताना भाषा कारखानदाराची परवानगी काढीत नाही. ‘मोटारसायकल’ हे नाव साहेबाच्या बोटीतून आले, ‘स्वयंचलित दुचाकी’ हे परिवहन खात्याच्या कागदावरच राहिले, आणि गावाच्या वेशीवर धुळीचा लोट पाहून पोरांनी टाळ्या पिटीत जे नाव घेतले ते मात्र लोकांच्या तोंडी बसले : फटफटी! या नावात चाके नाहीत, वेग नाही, पेट्रोलचा वासही नाही. आहे ती फक्त तिची धडधड. रेल्वेला आपण आगगाडी म्हटले ते तिच्या पोटातल्या विस्तवावरून, आणि मोटारसायकलला फटफटी म्हटले ते तिच्या पोटातल्या ठोक्यांवरून. तेव्हा इंजिनाचे हादरे हे मोटारसायकलचे भूषण की दूषण, हा वाद मराठी माणसाने फार पूर्वीच निकालात काढला आहे, असे एखाद्याला वाटेल. पण नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीत एका मात्रेचेच अंतर आहे. ज्या धडधडीवरून आपण गाडीला नाव ठेवले, त्याच धडधडीला नावे ठेवणारेही काही कमी नाहीत.

या वादात दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही पक्ष सारखेच हट्टी आहेत. पहिला पक्ष बुलेटवाल्यांचा. यांच्या मते जी गाडी हादरत नाही ती गाडीच नव्हे, ते शिवणयंत्र! बुलेटचे ‘फायरिंग’ कसे आहे, याची चर्चा ही मंडळी ज्या बारकाईने करतात, त्या बारकाईने आमच्या मराठी विभागात ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांचीही चर्चा होत नाही. दुसरा पक्ष पाठीच्या कण्याचा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रवास हा पोचण्यासाठी असतो, आणि पोचल्यावर माणसाला आपले हात, पाय आणि दाढा जागच्या जागी सापडल्या पाहिजेत. हे दोन पक्ष एका चहाच्या टेबलाशी आले की चहा निवतो.

गेली पंधरा वर्षे भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतून मी मोटारसायकल हाकीत आलो आहे. त्यामुळे या वादात मला तटस्थ राहता येणार नाही. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. पण रस्ते नावे बदलल्याने बदलत नाहीत. आणि हादऱ्यांची परीक्षा घ्यायची तर या दोन तालुक्यांसारखे परीक्षागृह शोधून सापडायचे नाही. पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याला लागावे. चेलाडी फाट्यापर्यंतचा हा हमरस्ता रुंद आणि सरळ. तिथे इंजिन चढ्या सुरात, एका दमात पळते. फाट्यावरून उजवीकडे वळून नसरापूर, मार्गासनी, विंझर करीत वेल्ह्याला निघाले की रस्ता अरुंद होतो, वळणे येतात, समोर तोरणा उभा राहतो आणि इंजिन मध्यम लयीत येते. न वळता पुढे कापूरहोळवरून भोरला गेले आणि तिथून नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने, हिर्डोशीवरून वरंध घाटाकडे चढू लागले की दुसऱ्या गिअरमध्ये, ठाय लयीत, एकेक ठोका मोजून घ्यावा! दिवसभरात एकाच इंजिनाचे तीन स्वभाव इथे पाहायला मिळतात. घाट पावसाळ्यात पुष्कळदा बंद असतो, ते सोडा. पण दिवाळीच्या सुमारास, भात पिवळे पडलेले असताना, या रस्त्यांना तोड नाही.

वाद नीट करायचा तर आधी शब्द नीट लावले पाहिजेत. हादरा म्हणून जे आपण सरसकट बोलतो त्यात दोन निराळे धनी आहेत. गचका, दणका, हिसका, आदळआपट ही रस्त्याची देणी. त्यांचा जाब सार्वजनिक बांधकाम खात्याला विचारावा, इंजिनाला नव्हे. थरथर, धडधड आणि झिणझिण ही मात्र खास इंजिनाची. यांतही पुन्हा प्रकृतिभेद आहे. धडधड ही छातीला कळते; म्हणून तर आपण ती काळजाचीही होते म्हणतो. थरथर ही अंगभर पसरते. आणि झिणझिण? ती नेमकी बोटांच्या टोकांना, तळपायांना आणि दातांना जाऊन बिलगते. आपल्या पूर्वजांकडे मोटारसायकल नव्हती, पण या तिन्हींसाठी त्यांनी वेगवेगळे शब्द करून ठेवले, ही त्यांची दूरदृष्टीच म्हटली पाहिजे!

हा भेद नुसता शब्दांचा नाही, यंत्राचाही आहे. जुन्या बुलेटचेच उदाहरण घेऊ. तिचे इंजिन एकाच सिलिंडरचे, ३४६ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे आत एक धातूचा दट्ट्या चार बोटांच्या अंतरात वरखाली पळतो आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा दट्ट्या सेकंदाला ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. दर खेपेला टोकाशी क्षणभर थांबून त्याला उलट फिरावे लागते, आणि त्या थांबण्याफिरण्याला लागणारा ओढा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या चारशे-पाचशे पट असतो! एवढ्या जोराने कोणी आत धडका मारीत असेल तर बाहेरच्या माणसाला तो कळणारच. क्रँकवर उलट बाजूला वजन बसवून हा धक्का मारता येतो. पण पुरता नव्हे. तेवढे वजन बसवावे तर उभा हादरा जातो आणि तितकाच आडवा हादरा येतो. म्हणून कारागीर साधारण निम्म्यावर तडजोड करतात. संसारातल्या बहुतेक तडजोडींचे प्रमाणही हेच असते.

आता यातले ठोके किती? चार धावांच्या—म्हणजे फोर-स्ट्रोक—इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. गाडी जागेवर उभी असताना, मिनिटाला हजारेक फेऱ्यांच्या चालीत, सेकंदाला आठ ठोके पडतात. ते वेगवेगळे ऐकू येतात. त्यांत एक ठेका असतो. वेग वाढला, ठोके सेकंदाला वीसच्या पुढे गेले, की कान त्यांना सुटे मोजणे सोडून देतो आणि त्यांचा एक सलग सूर बांधतो. त्याही पुढे गेले की कानही दमतो आणि कारभार बोटांकडे जातो. तबल्यावर विलंबित ठेका धरला की मान डोलते. तोच ठेका चौपट, आठपट झाला की मान डोलायची थांबते आणि आपण नुसते घड्याळाकडे पाहू लागतो. धडधड आणि झिणझिण यांतले अंतर हे असे लयीचे आहे. वस्तू एकच, एका लयीत ती संगीत असते, दुसरीत ती छळ होते.

हा छळ कमी करण्याकरिता परदेशांतील कारागिरांनी काय काय खटपटी केल्या, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या नॉर्टन कंपनीने १९६७ साली आपल्या ‘कमांडो’ गाडीचे इंजिनच रबराच्या गाद्यांवर तोलले. इंजिनाने आत हवा तेवढा थयथयाट करावा, स्वाराला तो कळू नये. जपानच्या होंडाने १९६९ मध्ये चार सिलिंडरांची ७५० बाजारात आणली. तिच्यात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तेव्हा मोठा धक्का परस्पर फिटतो; पण पिस्टनची वरच्या अर्ध्यातली आणि खालच्या अर्ध्यातली चाल सारखी नसल्याने दुप्पट वेगाचा एक बारीक कंप उरतोच. म्हणजे धडधड गेली, झिणझिण मागे राहिली! याच्या उलट अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनची तऱ्हा. तिने आपल्या इंजिनाचा आवाज हाच आपला व्यापारी शिक्का म्हणून नोंदवावा असा अर्ज १९९४ साली केला आणि बरीच वर्षे तो भांडून २००० साली मागे घेतला. गाडी विकावी, तेल विकावे, हे ठीक. पण ठेक्यावर मालकी सांगणे म्हणजे एखाद्या तबलजीने त्रितालाचे पेटंट मागण्यासारखेच झाले!

आपल्याकडची कथा बुलेटची. इंग्लंडातील रेडिचची ही गाडी १९५५ पासून मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला आपलीशी झाली, आणि पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला तरी इथे ती चालूच राहिली. अर्धशतकाहून अधिक काळ तिने आपला लांब धावेचा ठोका सोडला नाही. २०२० च्या नोव्हेंबरात कंपनीने ‘मीटिओर’बरोबर ३४९ सीसीचे नवे इंजिन आणले, पुढच्या वर्षी ते ‘क्लासिक’मध्ये आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेटमध्ये बसले. त्यात एक बॅलन्सर शाफ्ट आहे. क्रँकच्या वेगानेच पण उलट दिशेने फिरणारा हा दांडा आडव्या हादऱ्याला आडवा येतो आणि उभ्या हादऱ्याला शह देतो. निम्म्या तडजोडीची उरलेली निम्मी भरपाई तो करतो. धाव थोडी घटली, तरी ८५.८ मिलिमीटर ठेवली, त्यामुळे ठोका राहिला. वरच्या वेगातली झिणझिण मात्र पुष्कळ उतरली. यावर जुन्या बुलेटवाल्यांनी किती सुस्कारे सोडले! “आता तिच्यात जीव राहिला नाही हो,” असे एका स्नेह्याने मला ज्या आवाजात सांगितले, तो आवाज लोक भेटायला जाऊन आल्यावर काढतात.

मला हे सुस्कारे नुसते वेडगळ वाटत नाहीत. हादरा म्हणजे इंजिनाने स्वाराला धाडलेली बातमी असते. भोरच्या बाजारपेठेजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत. गाडी सुरू करून ते स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावतात, मूठ कानाशी धरतात आणि डोळे मिटतात. मग “टॅपेट वाजतोय” किंवा “चेन ढिली हाय” असा निकाल येतो, आणि तो फिरल्याचे मी पाहिले नाही. वैद्य नाडीवर बोटे ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. स्वारालाही थोड्याफार प्रमाणात ही नाडी कळते. वरंध घाटाच्या चढावर गिअर कधी उतरवायचा हे तो काट्याकडे पाहून ठरवीत नाही. मांडीखाली ठोका जड पडू लागला, दोन ठोक्यांतले अंतर लांबले, की डावा हात आपोआप क्लचवर जातो. वाघजाईच्या देवळाशी थांबून कोकण खाली पसरलेले पाहताना, इंजिन बंद करूनही पाच मिनिटे तळहात गुणगुणत असतात. आपण काही तरी जिवंत वस्तूच्या पाठीवर बसून आलो, अशी ती खूण असते. मोटारीच्या काचेआड बसून वरंध चढलेल्या माणसाला घाट दिसतो. फटफटीवाल्याला तो लागतो. या दोन क्रियापदांतला फरक मी फार मोठा मानतो.

इथवर आलेला वाचक म्हणेल, ‘तर मग निकाल लागला! प्राध्यापकमजकूर बुलेटवाल्यांच्या पक्षाला मिळाले.’ थोडे थांबावे. दुसऱ्या पक्षाकडेही कागदपत्रे आहेत, आणि ती माझ्या स्नेह्याच्या सुस्काऱ्यांहून जड आहेत.

अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुन्याचा दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत आणि बधिर होत. १९१८ साली डॉ. अॅलिस हॅमिल्टन या बाईंनी त्यांना तपासले आणि दोष त्यांच्या हातातल्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या थरथरत्या हत्यारांचा आहे, हे दाखवून दिले. कंपाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. आणि दुखणे वाढले की ते पुरते परत फिरत नाही. पुढे जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांत डॉक्टरांना अशीच लक्षणे आढळली. युरोपातील देशांनी २००२ साली कायदाच केला : कामगाराच्या हाताला आठ तासांच्या हिशेबाने सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा कंप पोचू लागला की मालकाने उपाय सुरू केले पाहिजेत, आणि ५ च्या वर तर तो जाताच कामा नये. माणसाचे राहू द्या, यंत्रालाही यंत्राचा हादरा सोसत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात अॅपल कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना बजावले की, मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलच्या दांडीवर आयफोन थेट बसवू नका. त्याच्या कॅमेऱ्यातली नाजूक भिंगे बिघडतील. फोनच्या डोळ्यांची काळजी कंपनी घेते. दांडीवर ज्याची बोटे रोज असतात त्याची काळजी कोणी घ्यायची?

हा प्रश्न माझ्या मनात रुजला तो मार्गासनीच्या एका टपरीवर. तिथे वाड्यावाड्यांवरून दूध गोळा करून केंद्रावर नेणारे एक गृहस्थ चहाला थांबतात. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्याला मफलर, गाडीच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन. गाडी साधी शंभर सीसीची, पण बारा-तेरा पावसाळे पाहिलेली. फाउंडेशन बोल्टांचे बुश खाल्लेले, कोनसेट खिळखिळा झालेला. एका रविवारी मी माझ्या बुलेटच्या ठेक्याची तारीफ टपरीवाल्यापाशी करीत होतो. ती त्यांनी शांतपणे ऐकली, बशी खाली ठेवली आणि म्हणाले,

“सर, तुमचं बरं हाय. तुमी धडधड ऐकाया रविवारी येता. आमाला ती सोमवारी बी आसती.”

“किती वर्षं करताय हे काम, मामा?” मी विचारले.

“आटरा झाली की.” त्यांनी दोन्ही पंजे पुढे धरले आणि बोटे उघडझाप केली. “सकाळचं दूध घालून घरी आलो की अर्धा तास सदऱ्याचं बटन लागत न्हाई. नात लावून देती.”

ते हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नव्हते. पाऊस लांबला असे सांगावे तसे सांगत होते. चहाचे पैसे त्यांनीच दिले. गाडीला तीन किका मारल्या आणि साखरच्या दिशेने ते निघून गेले. आठ-दहा वर्षांची ती नात आजोबांच्या सदऱ्याला बटणे लावते आहे, हे चित्र मात्र माझ्याबरोबर वेल्ह्यापर्यंत आले, आणि पुढेही आले.

तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की, हादरा चांगला की वाईट हा प्रश्न इंजिनाला विचारून सुटणार नाही. तो स्वाराला विचारला पाहिजे, आणि विचारताना आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे : ‘तुला खाली उतरता येते का?’ ज्याला हवे तेव्हा उतरता येते, त्याच्या दृष्टीने धडधड हे सुख आहे. ज्याला उतरता येत नाही, त्याच्या दृष्टीने तीच धडधड मजुरीतून कापली जाणारी रक्कम आहे. आणि ती बोटांतून कापली जाते.

माझ्या धंद्यात याला एक जुना दाखला आहे. जात्यावरच्या ओव्या आम्ही वर्गात शिकवतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्यात आणि महाराष्ट्रात इतरत्र गावोगाव बायकांच्या घरी बसून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. आज त्या ‘परी’ या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. जगात कुठेही मिरवावे असे हे धन आहे. त्या ओवीची लय कशातून आली? जात्याच्या घरघरीतून. खुंट्याला धरलेल्या हातातून, पहाटेच्या फेऱ्याफेऱ्यांतून ती आली. हादऱ्याने कवितेला जन्म दिला याहून मोठा पुरावा बुलेटवाल्यांना कुठे मिळणार? हे सगळे मी वर्गात मोठ्या उमाळ्याने सांगतो. एकदा वेल्ह्याकडच्या एका वाडीवरून येणारी विद्यार्थिनी तास संपल्यावर म्हणाली, “सर, आमच्या आजीला शंभर ओव्या येतात. पण गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी तिनं जात्याला हळदकुंकू वाहिलं, खुंटा काढला आणि फळीवर ठेवून दिला. ती म्हणते, ओवी गोड होती, दळण गोड नव्हतं.”

एवढ्या थोड्या शब्दांत एवढे साहित्यशास्त्र मी एम.ए.च्या पुस्तकांतही वाचले नव्हते. ओवी गोड होती. दळण गोड नव्हते. ओवी ही दळणाची देणगी नव्हे, ती दळणाऱ्या बाईची कमाई होती. कष्ट हलके करण्यासाठी तिने ती घडवली. म्हणून ओवीवर प्रेम करणाऱ्या कोणीही गिरणीला बोल लावू नये. आणि ओवी ऐकण्यासाठी कोणी पुन्हा पहाटे तीनला दळायला बसावे, अशी अपेक्षा तर मुळीच करू नये. फटफटीच्या धडधडीवर जी गाणी आपण रचतो, त्यांचेही तसेच आहे. बॅलन्सर शाफ्ट ही गिरणी आहे. चांगले रबर, धड बसवलेले बुश, गुळगुळीत डांबर, याही गिरण्याच आहेत. त्या दूधवाल्या मामांच्या दारापर्यंत जितक्या लवकर पोचतील तितके बरे. आणि माझ्यासारख्या रविवारच्या रसिकाने त्यांच्या वाटेत सुस्काऱ्यांचे दगड टाकू नयेत.

शिवाय आता तर याहून मोठी गिरणी गावात आली आहे. पुण्याच्याच बजाज कंपनीने २०२० च्या जानेवारीत ‘चेतक’ हे जुने नाव विजेच्या स्कूटरला देऊन ती बाजारात आणली. आमच्या घरीही अशी एक विजेची स्कूटर आहे, ती सौभाग्यवतींची. तिच्यात वरखाली धावणारे काहीच नाही. जे आहे ते गोल फिरते. त्यामुळे ती चालू आहे की बंद, हे समोरच्या दिव्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा ती चालवून आलो तेव्हा मी म्हणालो, “ही काही बोलतच नाही.” त्यावर उत्तर आले, “तुम्हाला गाडी बोलायला हवी असते, मला ती पोचायला हवी असते. आणि घरात बोलणारं एक माणूस आहे, तेवढं पुरे नाही का?” यावर अपील नसते.

तरीही पहिल्या पक्षाने निराश होऊ नये. वस्तू जातात तेव्हा त्यांतले जे खरोखर गोड असते ते माणूस टाकून देत नाही. ते तो सणासाठी राखून ठेवतो. घरोघरचे जाते गेले. पण आजही लग्नघरी हळद दळण्यासाठी जाते मांडतात, सवाष्णी त्याच्याभोवती बसतात, खुंट्याला हात लावतात आणि चार ओव्या म्हणतात. अर्ध्या तासाचे दळण, आणि तेही हौसेचे. म्हणून ते गोड. धडधडीचेही पुढे असेच होईल, आणि तसेच व्हावे. पन्नास वर्षांनी कोणी नातू आजोबांची बुलेट झाकणाखालून काढील, किका मारमारून घामाघूम होईल, आणि एकदाची ती सुरू झाली की तिला घेऊन एखाद्या रविवारी भाटघरच्या पाण्यावरून वरंधकडे निघेल. त्याच्या छातीत आणि मांडीखाली एकच ठेका वाजत असेल, आणि त्याला कळेल की या गाडीला फटफटी का म्हणत. दुपारी चारला तो ती पुन्हा झाकून ठेवील.

त्या दिवशी सकाळी त्याच रस्त्याने कोणी तरी दुधाचे कॅन घेऊन जात असेल. त्याची गाडी मुळीच बोलत नसेल, आणि केंद्रावर दूध घालून घरी आल्यावर आपल्या सदऱ्याची बटणे तो आपल्याच हाताने लावीत असेल. ही दुसरी गोष्ट आधी व्हावी आणि पहिली मागाहून झाली तरी चालेल, एवढेच मला या वादात सांगायचे आहे. दोन्ही पक्षांनी आता चहा घ्यावा.